वार्धक्यातील रक्तदाब आणि औषधाची चिठ्ठी

गोराई या एकाच नावाची दोन गावे एका खाडीच्या दोन तीरांवर नांदत आहेत, असे म्हटले तर वस्तुस्थितीचा विपर्यास होणार नाही. अलीकडच्या, म्हणजे बोरिवलीच्या बाजूस म्हाडाच्या वसाहती, आणि त्यांतून राहणारे निवृत्त कारकून, गिरण्यांतून मोकळे झालेले कामगार, मुलानातवंडांच्या संसारात एक कोपरा सांभाळून असलेल्या आजीबाई. तर पलीकडे, लाँचने खाडी ओलांडल्यावर, कोळी, भंडारी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांचे मूळचे गाव, जेथील सत्तरी उलटलेली बाईही मासळीची टोपली हातावेगळी केल्याखेरीज स्वस्थ बसत नाही. राहणी, धर्म आणि आहार यांत या दोन तीरांमध्ये पुष्कळ अंतर असले, तरी घरातील वृद्धाच्या उशाशी बीपीच्या गोळ्या असणे ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच झाली आहे.

पलीकडच्या गावातून एखादे आजोबा दवाखान्यात कसे येतात, हे औषध लिहिणाराने क्षणभर मनाशी आणावे. रिक्षाने धक्क्यापर्यंत, तेथून लाँच, अलीकडे उतरून पुन्हा उन्हातून चाल, मग दवाखान्याचा जिना. आणि एवढा प्रवास करून आलेला, धाप लागलेला, लघवी तुंबवून धरलेला तो मनुष्य बाकावर टेकतो न टेकतो तोच त्याच्या सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला जातो. यंत्र १७२ दाखवते, चिठ्ठीवर दुसऱ्या गोळीची भर पडते, आणि सर्वांचे समाधान होते. पंधरवड्यानंतर पहाटे लघवीसाठी अंथरुणातून उठताना त्याच मनुष्याच्या डोळ्यांपुढे अंधेरी येऊन तो मोरीच्या उंबरठ्यावर कोसळला आणि खुब्याचे हाड मोडले, तर तो अपघात म्हणून जमा होतो. त्या गोळीचा आणि त्या पडण्याचा संबंध जोडण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतातील वृद्धांच्या नोंदींची छाननी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तीत रक्तदाबाचे औषध नव्याने सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात खुब्याचे हाड मोडण्याचा धोका स्पष्टपणे वाढलेला आढळला. औषध वाईट आहे असा याचा अर्थ मुळीच नव्हे. ते ज्याला द्यायचे त्याला एकदा उभे करून पाहिले पाहिजे, एवढाच याचा अर्थ. आणि प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्यही मुख्यतः तेच आहे. लेख औषध लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरांना उद्देशून आहे, तसाच चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानाकडे जाणाऱ्या मुलीला, सुनेला आणि नातवालाही.

वृद्धांचा रक्तदाब उतरवावा की नाही, याविषयीच वैद्यकाचे मत गेल्या शतकात एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेले. वरचा आकडा 'शंभर अधिक वय' इतका असावा, हा हिशेब आजही कित्येक घरांतून ऐकू येतो. तो अडाण्यांचा नव्हे, एके काळच्या डॉक्टरांचाच आहे. वयानुसार ताठ झालेल्या रोहिण्यांतून मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त पोहोचावे म्हणून शरीराने केलेली ती तजवीज आहे, तिला हात लावू नये, असे मोठमोठे हृदयरोगतज्ज्ञ सांगत असत. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० मोजला गेला. जगातील सर्वांत सामर्थ्यवान राष्ट्राच्या प्रमुखाला देण्याजोगे परिणामकारक औषध त्या वेळी कोणापाशीच नव्हते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सविस्तर मांडला, आणि आपल्याकडील वैद्यांच्या पेटीतली ती वनस्पती जगाच्या औषधकोशात गेली. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला तो या कामासाठी. सर्पगंधेतून १९५२ साली वेगळे काढलेले रेसर्पिन पुढे कित्येक वर्षे लाखो लोकांनी घेतले. मात्र त्याच्या मोठ्या मात्रेने काही रोगी खिन्न आणि मंद होत, हेही लवकरच ध्यानात आले, आणि आज वृद्धांना टाळावयाच्या औषधांच्या याद्यांत ते असते. मुंबईच्याच या औषधाचा इतिहास मला येथे मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण आकडा उतरला आणि माणूस खचला, अशा यशाचा अनुभव वैद्यकाने इतक्या आरंभीच घेतलेला आहे.

वृद्धांवर इलाज करणे हितकर आहे, हे मात्र आता वादातीत आहे. साठीपुढच्या ज्या लोकांचा केवळ वरचा आकडा चढलेला असतो, त्यांना क्लोरथॅलिडोनची अल्प मात्रा दिल्याने पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटतात, हे अमेरिकेतील 'शेप' प्रयोगाने १९९१ मध्ये दाखविले. ऐंशीपुढच्यांचे काय, हा प्रश्न त्यानंतरही लोंबकळत राहिला होता. त्याचे उत्तर २००८ साली 'हायव्हेट' प्रयोगाने दिले. ऐंशी वर्षांवरील ३८४५ स्त्रीपुरुषांना इंडापमाइड आणि गरजेनुसार पेरिंडोप्रिल देऊन रक्तदाब १५०/८० पर्यंत आणण्याचा त्यात यत्न होता, आणि औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी तर हृदय दुर्बल होण्याचे प्रकार ६४ टक्क्यांनी कमी झाले. पुढे 'स्प्रिंट' प्रयोगातील पंचाहत्तरीपुढच्या २६३६ व्यक्तींच्या नोंदी २०१६ साली प्रसिद्ध झाल्या, आणि १४० ऐवजी १२० चे लक्ष्य ठेवल्यास हृदयविकाराचे आघात व मृत्यू दोन्ही सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात, असे त्यांत दिसले.

या यशाच्या वार्ता सांगताना त्या प्रयोगांत कोणाला प्रवेश नव्हता, याची कैफियत सहसा मागे पडते. हायव्हेटमध्ये उभ्याने मोजलेला वरचा रक्तदाब १४० च्या खाली असलेल्यांना घेतलेच नव्हते. स्प्रिंटमध्ये उभ्याने ११० च्या खाली जाणाऱ्यांना मज्जाव होता, तसाच तो मधुमेहींना, पूर्वी पक्षाघात झालेल्यांना आणि शुश्रूषागृहात राहणाऱ्यांनाही होता. म्हणजे ज्या प्रयोगांच्या आधारावर आपण निःशंकपणे दुसरी आणि तिसरी गोळी लिहितो, त्या प्रयोगांच्या चालकांनी रोग्याला दाखल करून घेण्यापूर्वी उभे करून मापले होते. आणि आपल्या दवाखान्यांतून नेमकी तीच एक गोष्ट राहून जाते.

मापन कसे करावे, यावर म्हणून थोडे रेंगाळणे भाग आहे. रोग्याला आधी लघवीला जाऊ द्यावे. चहा, तंबाखू किंवा मशेरी यांना अर्धा तास झालेला असावा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड उघडा आणि छातीच्या पातळीला आधार देऊन ठेवलेला, अशा स्थितीत पाच मिनिटे निमूट बसवावे आणि मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिल्या भेटीत दोन्ही दंड मोजावेत आणि पुढे ज्या दंडावर आकडा अधिक आला तोच धरून चालावे. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच चढतो. मनगटावर हात ठेवून नाडी पाहण्याची जुनी रीतही मोडू नये, कारण वार्धक्यात नाडी अनियमित असणे विरळा नाही आणि तशा नाडीवर स्वयंचलित यंत्रे चकतात; शिवाय त्या अनियमितपणाचा शोध लागणे हेच एखादे वेळी रक्तदाबाहून महत्त्वाचे ठरते. यानंतर रोग्याला उभे करावे, आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्या मनुष्याचा बसलेला रक्तदाब कितीही असो, त्याच्या औषधाचा निर्णय उभ्या आकड्यावर करावा. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेतही अशा रोग्यांसाठी हाच दंडक आहे.

हे असे का होते, ते समजले की वृद्धांची पुष्कळशी औषधयोजना आपोआप सुचते. तरुण रोहिणी हृदयाच्या ठोक्यासरशी फुगते आणि मग सावकाश आकसते. उन्हापावसात ताठरलेल्या रबरी नळीसारखी झालेली वृद्ध रोहिणी ते करीत नाही. परिणामी ठोक्याच्या क्षणी दाब उंच चढतो आणि दोन ठोक्यांमध्ये फार खाली येतो. म्हणून १७०/६५ असे आकडे म्हातारपणी नित्य दिसतात. मानेतील ज्या संवेदकांनी, मनुष्य उभा राहताच, रक्त पायांत साचू न देण्याचा हुकूम सोडायचा, तेही मंदावलेले असतात. जमिनीवर दीर्घकाळ बसून एकदम उठणारा मनुष्य हा या सर्वांची कसोटी पाहणारा मनुष्य होय, आणि गोराईत असे प्रसंग कमी नाहीत: रविवारच्या मिस्साला गुडघे टेकून नंतर उभी राहणारी आजी, विपश्यना पॅगोडात तासभर मांडी घालून बसलेले निवृत्त मास्तर, जाळे दुरुस्त करून उठणारे कोळीबाबा. भरपेट जेवणानंतर रक्त पोटाकडे वळल्यानेही दाब उतरतो. दुपारच्या जेवणावरून उठताना ज्याला भोवळ येते, त्याच्या गोळीची मात्रा नव्हे, तर जेवणाचे परिमाण आधी पाहावे.

दवाखान्यातील एका आकड्यावर जन्माची गोळी लावू नये. घरी यंत्र असेल तर सात दिवस सकाळी दोनदा व संध्याकाळी दोनदा मोजून वहीत लिहावे, पहिला दिवस सोडून द्यावा आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ च्या आत असेल, तर दवाखान्यातील चढ हा बव्हंशी दवाखान्याचाच आहे. यंत्र दंडाचे घ्यावे, मनगटाचे नको. दिवसातून दहा वेळा मोजून प्रत्येक आकड्यासरशी घाबरणाऱ्या घरांतून मात्र ते यंत्र काही दिवस कपाटात ठेवणे हाच उपचार असतो.

लक्ष्य किती असावे? साठ ते ऐंशीच्या दरम्यानच्या, हिंडत्याफिरत्या माणसाला १४० च्या खाली आणावे, आणि त्याला सोसत असेल तर १३० कडे नेण्यास हरकत नाही. ऐंशीपुढे युरोपीय उच्चरक्तदाब संस्थेने २०२३ च्या शिफारशीत १४० ते १५० हा पल्ला सांगितला आहे, आणि नीट सोसल्यास त्याहून थोडे खाली जाण्याची मुभा दिली आहे. ब्रिटनमध्ये ऐंशीपुढे १५०/९० ची मर्यादा आहे. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून बिचकण्याचे कारण नाही. ब्याऐंशी वर्षांचा एक मनुष्य रोज धक्क्यापर्यंत पायी जाऊन मासळी घेऊन येतो, आणि त्याच वयाचा दुसरा खाटेवरून उठण्यासाठी दोघांचा आधार घेतो. या दोघांना एकच लक्ष्य लावणे म्हणजे वयाच्या दाखल्यावर औषध देणे होय. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षभरात पडलात का, खुर्चीतून हात न टेकता उठता का, गोळ्या कोण देते, आणि रात्री लघवीला किती वेळा उठता. ज्याची उत्तरे चांगली आहेत त्याच्या वयाकडे पाहून औषध आखडते घेणे हाही अन्यायच आहे. पक्षाघाताने लुळे पडून काढलेली पाच वर्षे ही काही थोडी शिक्षा नव्हे.

औषधांचा विचार त्या मानाने सोपा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्या राज्यातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या तुकडीत होते, आणि मोजक्या, स्वस्त औषधांची ठरलेली पायरी सर्वत्र वापरल्यास सरकारी आरोग्य केंद्रांतूनही रक्तदाब ताब्यात राहतो, हा त्याचा धडा होता. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही ती औषधे. वृद्धांत रेनिनचे प्रमाण घटलेले असल्यामुळे अ‍ॅम्लोडिपिन किंवा लघवी वाढविणारी सौम्य गोळी आरंभाला चांगली लागू पडते. मधुमेह असून लघवीतून प्रथिने जात असतील तर टेल्मिसार्टनच्या गटाला अग्रक्रम द्यावा. ऐंशीपुढच्या किंवा अशक्त मनुष्याला एकाच औषधाने, तेही निम्म्या मात्रेने, म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन असेल तर २.५ मिलिग्रॅमने, प्रारंभ करावा. येथे एक खाचखळगा आहे: आपल्या बाजारात एस-अ‍ॅम्लोडिपिन या नावाने जे मिळते, त्याचे २.५ मिलिग्रॅम साध्या अ‍ॅम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमच्या बरोबरीचे असते. रुग्णालयातून घरी आलेल्या वृद्धाच्या डब्यात ही दोन्ही एकत्र सापडणे मुळीच दुर्मीळ नाही. तसेच दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांच्या नावांनी लिहिलेले एकच टेल्मिसार्टनही. तेव्हा प्रत्येक भेटीला चिठ्ठ्या नव्हे, गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून आणावीत, आणि डॉक्टराने त्यांची औषधी नावे मोठ्याने वाचून रुजुवात घालावी.

अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जाते, वृद्धांत तर अधिकच सावकाश. त्याचा पूर्ण परिणाम दिसावयास एक-दोन आठवडे लागतात. चार दिवसांत आकडा उतरला नाही म्हणून मात्रा वाढविणारा डॉक्टर आणि तसा आग्रह धरणारा मुलगा हे दोघेही पुढच्या भोवळीची बेगमी करीत असतात. दोन वाढींमध्ये चार आठवड्यांची मुदत ठेवावी. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर बराच खल झाला. ब्रिटनमधील एकवीस हजारांहून अधिक लोकांवरील 'टाइम' प्रयोगाने २०२२ मध्ये दोन्हींत फरक नसल्याचे दाखवून तो मिटविला. विसरली जाणार नाही ती वेळ उत्तम. लघवीची गोळी तेवढी सकाळीच घ्यावी, हे सांगावयास नकोच.

आता त्या साखळीविषयी, जी वृद्धांच्या चिठ्ठीत एका गोळीच्या सहा गोळ्या करते. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते. ती हृदयाची किंवा मूत्रपिंडाची नव्हे, तर बारीक रोहिण्या सैलावल्याने उतरलेल्या पाण्याची असते. तिच्यासाठी फ्युरोसेमाइड लिहिले जाते, त्याने सूज जात नाही, पण पोटॅशियम घटते आणि मोरीच्या फेऱ्या वाढतात. फेऱ्यांसाठी प्रोस्टेटची गोळी येते, तिने उभ्याचा दाब आणखी पडतो. भोवळ येते, आणि भोवळीसाठी वर्षानुवर्षे घेतली जाणारी एक गोळी सुरू होते, जी वृद्धांचे हात कापवते आणि चाल मंदावते. या साखळीची पहिली कडी सोडवायची, म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन निम्मे करून गरज पडल्यास टेल्मिसार्टनची जोड द्यायची, एवढ्यावर बाकीच्या कड्या पुष्कळदा गळून पडतात. रामिप्रिल किंवा एनालाप्रिलने येणाऱ्या कोरड्या खोकल्यासाठी बाटल्यांवर बाटल्या रिचविणाऱ्यांचीही हीच कथा. प्राझोसिन वा डॉक्साझोसिन आणि क्लोनिडिन ही औषधे केवळ रक्तदाबासाठी म्हणून वृद्धांना प्रथम लिहू नयेत. अटेनोलॉल हृदयरोग नसलेल्या वृद्धाला एकट्या रक्तदाबासाठी आज सहसा देत नाहीत, परंतु चालू असेल तर ते एका दिवसात तोडणे धोक्याचे.

रक्तदाब चढविणाऱ्या वस्तूंची चौकशी केल्याखेरीज औषध वाढवू नये. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेले डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रक्तदाब वाढविते, आणि टेल्मिसार्टन व लघवीची गोळी यांच्या जोडीला ते पडले की मूत्रपिंड अचानक बसण्याचा धोका निर्माण होतो. वृद्धांच्या औषधोपचारात याहून टाळता येण्याजोगे अनिष्ट मला तरी दुसरे माहीत नाही. पाण्यात फसफसणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांतून सोडियम जाते. घसा खवखवतो म्हणून रोज तोंडात धरलेला ज्येष्ठमध पोटॅशियम घटवितो आणि दाब चढवितो, हे तर पुष्कळांच्या स्वप्नातही नसते. मीठ दिवसाकाठी पाच ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक चहाचा चमचा, एवढे असावे. पण पलीकडच्या गोराईतील आहाराविषयी बोलताना सगळ्या सुक्या मासळीला एकाच तराजूत घालू नये. वलांडीवर वाळणारा बोंबील पुष्कळदा मिठावाचूनच वाळवितात. खारवलेला मासा, लोणचे आणि पापड यांची गोष्ट वेगळी. आधीच घास-दोन घास खाणाऱ्या कृश आजीला अळणी जेवणाची सक्ती करून तिचे उरलेले खाणेही बंद पाडणे हे पथ्य नव्हे.

टेल्मिसार्टन किंवा लघवीची गोळी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम तपासावे. क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत चढले तर बहुधा चालते, त्याहून अधिक चढले तर थांबून कारण शोधावे. कृश वृद्ध स्त्रियांत क्लोरथॅलिडोनसारख्या गोळीने सोडियम झपाट्याने उतरू शकते, आणि त्याची वर्दी भोवळीने नव्हे तर असंबद्ध बोलण्याने, सुस्तीने मिळते. 'आजी दोन दिवस भ्रमिष्टासारखी करते' हे वाक्य ऐकताच वयाला दोष देण्यापूर्वी सोडियम पाहावे. जुलाब, उलट्या किंवा तीव्र ताप असताना, पावसाळ्यात हे नेहमीचेच, लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन डॉक्टरांना विचारून तेवढे दिवस थांबवावे, आणि खाणेपिणे पूर्ववत झाल्यावर पुन्हा सुरू करावे. ही सूचना गोळी लिहितानाच द्यावयाची असते. जुलाब लागल्यावर लाँच पकडून ती विचारावयास कोणी येत नाही.

रात्री अकरा वाजता यंत्र १९० दाखवते आणि घरात धावपळ उडते, तेव्हा काय करावे? छातीत दुखत नाही, श्वास लागत नाही, बोलणे अडखळत नाही, हातपाय चालतात, दिसते नीट, अशा स्थितीत अर्धा तास शांत बसवून पुन्हा मोजावे, चुकलेली गोळी असेल तर ती द्यावी आणि सकाळी दवाखाना गाठावा. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळण्याची रीत अद्याप काही ठिकाणी टिकून आहे. तिने दाब इतक्या अकस्मात कोसळतो की पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके त्यातूनच आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदली गेल्यावर, १९९६ पासून ती थांबविण्याची निःसंदिग्ध मागणी झालेली आहे. याउलट वरीलपैकी एकही लक्षण असेल, तर आकडा कितीही असो, १०८ ला फोन करावा. पलीकडच्या गावात राहणाऱ्यांनी अपरात्री खाडीच्या भरवशावर न राहता उत्तनवरून भाईंदरकडे जाणाऱ्या रस्त्याने निघावयाचे, गाडी कोणाची, सोबत कोण, हे आधीच ठरवून ठेवावे.

गोळी सुरू करण्याचे शास्त्र जितके लिहिले गेले, तितके ती कमी करण्याचे लिहिले गेले नाही. लोक तिला जन्मठेप समजतात, आणि डॉक्टरही दुसऱ्याने सुरू केलेल्या औषधाला हात लावण्यास कचरतात. परंतु मनुष्य ऐंशीपुढे जातो, वजन उतरते, जेवण घटते, स्मृती क्षीण होते, आणि पासष्टाव्या वर्षी योग्य असलेल्या तीन गोळ्या आता त्याचा उभा दाब शंभरापर्यंत आणून ठेवतात. इंग्लंडमधील 'ऑप्टिमाइझ' प्रयोगात ऐंशीपुढच्या, निदान दोन औषधे घेणाऱ्या ५६९ जणांपैकी निम्म्यांचे एक औषध काढले. बारा आठवड्यांनंतर त्यांतील ८६ टक्के लोकांचा वरचा दाब १५० च्या आतच होता, आणि औषध न काढलेल्यांत हेच प्रमाण ८८ टक्के होते. फ्रान्समधील शुश्रूषागृहांतून राहणाऱ्या, अतिशय अशक्त वृद्धांची औषधे टप्प्याटप्प्याने उतरवून पाहिलेला एक प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. आयुष्य वाढले असाही त्याचा दावा नाही. पण जिच्यावाचून बिघडत नाही ती गोळी अशा मनुष्याला गिळावयास का लावावी, हा प्रश्न त्यानंतर डॉक्टरला स्वतःला विचारावाच लागतो.

कमी करण्याची पद्धत अशी. उभ्याने दाब पडत असेल, गेल्या सहा महिन्यांत पडणे झाले असेल, किंवा वरचा आकडा सतत १२० च्या आसपास असून मनुष्य निस्तेज झाला असेल, तर एका वेळी एकच औषध उतरवावे. ज्याने त्रास होतो ते प्रथम. त्रासाचे कारण कळत नसेल तर लघवीची गोळी अथवा प्राझोसिनच्या गटातील औषध प्रथम. हृदय दुर्बल असल्यामुळे किंवा झटका येऊन गेल्यामुळे चालू असलेल्या गोळ्यांना मात्र रक्तदाबाच्या गोळ्या समजून हात लावू नये. त्यांचा हेतू निराळा असतो आणि तो हृदयरोगतज्ज्ञाला विचारून घ्यावा. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल आणि क्लोनिडिन आठवड्याआठवड्याने उतरवीत न्यावीत. चार आठवड्यांनी बसून व उभ्याने पुन्हा मोजावे. दाब १५० च्या वर जाऊन तेथेच राहिला, तर निम्म्या मात्रेने परत सुरू करण्यात कमीपणा नाही. आणि जे काढले ते का काढले, हे चिठ्ठीवर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा कोणी डॉक्टर तेच औषध दुसऱ्या नावाने सुरू करतो आणि सून दोन्ही देत राहते. त्याच चिठ्ठीवर उभ्याने घेतलेला आकडा आणि पुढच्या तपासणीची तारीख असावी. ती नसेल, तर बरोबर आलेल्या माणसाने दवाखान्याचा जिना उतरण्यापूर्वी परत जाऊन लिहून घ्यावी.